रात्री पाठ कुठे टेकायची?

"ताई, नमस्कार. मी 58 वर्षांची, गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. यंदा आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालायचं माझ्या आणि माझ्या शेजारणीच्या मनात आहे. आमच्या दोघींच्याही घरात वारी नाही. चालायची सवय आहे, रोज पहाटे 6-7 किलोमीटर होतात. अडचण रात्रीची आहे. मुलगा म्हणतो, प्रत्येक मुक्कामाची खोली ठरल्याशिवाय निघायचं नाही. मी सासवड, लोणंद, फलटण इथे आठ-दहा ठिकाणी फोन केले. बहुतेकांनी त्या तारखांना जागा नाही म्हणून सांगितलं. तरडगाव, बरड, भंडीशेगाव इथे तर विचारायचं कुणाला तेच कळेना. दिंडीत जावं तर ओळख नाही, आणि तंबूत अनोळखी बायकांत झोप लागेल का ही धास्ती. दिंडीशिवाय जावं तर कुणाच्या दारात उभं राहून 'रात्रीपुरती जागा द्या' म्हणायची मला लाज वाटते. आजवर कुणाकडे काही मागितलेलं नाही. काय करू?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. खोलीची काळजी पत्रभर आहे, पण खरी अडचण शेवटच्या दोन ओळींत आहे असं मला वाटतं. तिच्याकडे येतेच. आधी खोल्यांचा विषय संपवू.

खोल्या शोधणं आजपासून थांबवा. पहिल्या वर्षी मीही असंच केलं होतं. दोन मुक्कामांच्या खोल्या फोनवर पक्क्या केल्या होत्या आणि त्या भरवशावर अंथरूण म्हणून एक चादर तेवढी घेतली होती. पैकी एका गावात दिवेलागणीनंतर पोचले, तर माझ्या खोलीत अकरा माणसं आडवी झालेली. मालक वाईट माणूस नव्हता. गावाकडचे पाहुणे दारात येऊन उभे राहिले, त्यांना नाही म्हणवेना, एवढंच झालं. भांडायला माझ्यात त्राण नव्हतं. पाऊस लागला होता. गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात गेले, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. खांबाला टेकून उभी राहिले. खाली एक म्हातारी बाई पडली होती. तिनं डोळे न उघडता आपल्या प्लॅस्टिकच्या कागदाची एक घडी उलगडली, कुशीवर वळली आणि म्हणाली, "पड माउली." हातभर रुंदीची जागा होती ती. मी पडले. थोड्या वेळानं तिनंच अंधारात माझ्या चपला चाचपल्या, पिशवीत कोंबल्या, पिशवी माझ्या डोक्याखाली सारली आणि पिशवीचा बंद माझ्या मनगटाला गुंडाळला. पहाटे तीनला जाग आली तेव्हा ती कागद घडी करून निघाली होती. तिचं तोंडही मला नीट दिसलं नव्हतं.

मुलाला हे सांगू नका, तो घाबरेल. त्याला खोल्यांचं गणित सांगा. तुम्ही नावं घेतलेली तरडगाव, बरड, भंडीशेगाव ही लहान गावं आहेत आणि एका रात्रीत तिथे लाखोंचा समाज उतरतो. ज्याच्याकडे खोली आहे त्याचं घर वर्षानुवर्षं ठरलेल्या माणसांनी आधीच भरलेलं असतं. दुसरं म्हणजे वाटेवरच्या वाहतुकीचं. पालखी चालते त्या दिवशी तो रस्ता इतर गाड्यांना बंद असतो किंवा दुसरीकडून वळवलेला असतो. 'संध्याकाळी गाडी येईल, जवळच्या शहरात नेऊन झोपवील आणि पहाटे परत आणून सोडील' हा बेत कागदावर छान दिसतो, पण पहिल्या दोन दिवसांतच मोडतो. दिवसभर 20 किलोमीटर चालल्यावर गाडी जिथे थांबवली असेल तिथवर आणखी चार किलोमीटर उलटं चालायला पाय तयार नसतात. आणि तसं जमवलंच, तर रात्रीचं कीर्तन, पहाटेची काकड आरती, तळावरची माणसं, हे सगळं तुमच्या वारीतून वजा झालं.

तेव्हा दिंडी शोधा. ओळख नाही ही काही अडचण नाही, सगळ्यांचीच पहिली वारी कधीतरी असते. माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली. कोणती दिंडी कुठे चालेल हे तेव्हापासून ठरत आलं आहे, पालखीच्या रथाच्या पुढे 27 आणि बाकीच्या मागे, प्रत्येकीला नंबर. या व्यवस्थेत रात्रीची सोयही आपसूक येते. दिंडीचा ट्रक आणि पाण्याचा टँकर पहाटेच पुढे निघतो. तुम्ही ऊन-पाऊस अंगावर घेत चालत असता तेव्हा पुढच्या गावात तंबू ठोकून झालेले असतात आणि चुलीवर आधण चढलेलं असतं. बहुतेक दिंड्यांची उतरायची जागा दरवर्षी तीच. कुणाचा मळा, कुणाच्या घरामागचं परडं, कुठली शाळा. काही शेतकरी त्या आठवड्यापुरतं शेत रिकामं ठेवतात, पेरणी मागे ढकलतात. तुम्ही फोनवर जी जागा शोधत होता ती अशी आधीच राखलेली असते, फक्त ती दिंडीच्या नावानं असते.

शोध तुमच्या गल्लीपासून सुरू करा. जवळच्या विठ्ठल मंदिरात जा, एकादशीला भजनाला जी मंडळी बसतात त्यांना विचारा. दर दोन-तीन गावांत कुठल्या ना कुठल्या दिंडीचा माणूस असतोच. मग दिंडीच्या विणेकऱ्यांशी किंवा व्यवस्था बघणाऱ्यांशी स्वतः बोला, फोनवर नको, जाऊन बोला. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी किती, एवढंच विचारून परत येऊ नका. भिशीत दोन वेळचं जेवण, तंबू आणि सामानाची ने-आण धरलेली असते का, हे विचारा. बायकांची राहुटी, म्हणजे झोपायचा तंबू, वेगळी आहे का, एका राहुटीत किती जणी असतात, शौचालयाची सोय काय, पंढरपुरात उतरायचं कुठे आणि परतीचं काय, हे सगळं विचारा. आणि एक प्रश्न माझा म्हणून विचारा: "गेल्या वर्षी बायका किती होत्या, आणि त्यातल्या किती जणी यंदा परत येताहेत?" या एका उत्तरातून दिंडी कळते. परत येणाऱ्या बायका जास्त असतील तर डोळे झाकून नाव द्या. दिंडीचे नेम असतील तेही समजून घ्या. कुठे माळ घालण्याचा आग्रह असतो, कुठे नुसतं रांगेत चालण्याचा आणि हरिपाठाला बसण्याचा. न पटणारा नेम आधीच कळलेला बरा. नेम मान्य करून मग वाटेत कुरकुर केली की सगळ्यांचीच वारी कडू होते.

आता झोपेची धास्ती. खोटं कशाला सांगू, पहिल्या दोन रात्री झोप लागत नाही. राहुटीत पंधरा-वीस जणी शेजारी शेजारी. कुणी घोरतं, कुणी खोकतं, कुणी उठता उठता तुमच्या पायाला अडखळतं. बायकांची आंघोळ रात्री दोन-अडीचपासून टँकरच्या मागे सुरू होते, कारण अंधारातच उरकायचं असतं. म्हणजे तुमची रात्र नऊला सुरू होऊन अडीच-तीनला संपते. कीर्तन ऐकत अकरापर्यंत बसलात तर दुसऱ्या दिवशी पाय बोलतात. पुण्याहून सासवडला निघायचा दिवस तर मोठा, 30 किलोमीटरच्या वर चाल आणि त्यात दिवे घाट. त्याच्या आदल्या रात्री कुणी कितीही म्हणो, लवकर पडा. सासवडला बहुधा दोन रात्री मुक्काम असतो, तिथे अंग सुटतं. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून मात्र झोप अशी येते की शेजारी मृदंग वाजला तरी कळत नाही. घरच्या गादीवर गेल्या दहा वर्षांत लागली नसेल अशी.

याची तयारी घरी करता येते, आणि ती कुणी सांगत नाही म्हणून जरा ठासून सांगते. तुम्ही चालायचा सराव करताहात, झोपायचा करा. आजपासून जमिनीवर सतरंजी टाकून झोपा, वर पंखा नको, उशीच्या जागी कपड्यांची पिशवी. आठवड्याभरात कंबर सांगेल की तिला काय हवंय. कुणाला गुडघ्याखाली घडी लागते, कुणाला कुशीवरच बरं वाटतं. हे जेजुरीच्या माळावर कळण्यापेक्षा घरात कळलेलं चांगलं. वजनाला हलकी अशी एक चटई घ्या. तिच्याखाली अंथरायला जाड प्लॅस्टिकचा कागद, तुमच्या उंचीपेक्षा दोन हात लांब. तो कागद दोघींत एक घेऊ नका, दोघींना दोन. गर्दीत चुकामूक झाली तर जिच्याकडे कागद नाही तिची रात्र भिजते.

राहुटीत जागा धरताना दारापासून लांब आणि कडेपासून हातभर आत धरा. पावसात कापडाला अंग लागलं की तिथून पाणी झिरपायला लागतं. जमीन उताराची असेल तर डोकं चढाकडे. खाली काळी माती असेल तर पाऊस यायच्या आधीच राहुटीभोवती चर खणला आहे का बघा, नसेल तर दिंडीतल्या पोरांना सांगा, ती खणतात. मुरमाड माळ मिळाला तर नशीब समजा, टोचतं पण कोरडं राहतं. अंथरूण पसरण्याआधी झटका आणि रात्री उठताना आधी बॅटरी लावा. शेतात उतरलेलो असतो आपण, तिथली जनावरं आपल्या आधीची आहेत.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. ट्रकच्या किंवा टँकरच्या खाली, मागे, चाकाजवळ कधीही अंग टाकू नका. पावसात आडोसा म्हणून माणसं तिथे शिरतात. पहाटे अंधारात ड्रायव्हर गाडी मागे घेतो आणि त्याला खाली माणूस दिसत नाही. रस्त्याच्या कडेलाही नको. भिजलात तरी चालेल, कपडे वाळतात.

सामान ट्रकमध्ये जाईल. तुमच्यासारख्या निळ्या पिशव्या त्यात तीसेक असतील, म्हणून पिशवीला ठळक रंगाची जुन्या साडीची पट्टी बांधा आणि आत-बाहेर दिंडीचा नंबर आणि फोन नंबर लिहा. औषधं, एक कोरडा जोड, कागद आणि थोडे पैसे मात्र खांद्यावरच्या झोळीत. ट्रक वेळेवर पोचतोच असं नाही. तळावर, म्हणजे पालखीच्या मुक्कामाच्या मैदानावर आलात की दिवसभराची चुकामूक मिटायला समाज आरतीची, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र आरतीची वेळ चांगली असते. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड उंच केला की लाखाचा समाज एका क्षणात गप्प होतो, आणि मग सापडलेल्या-हरवलेल्या वस्तूंचा पुकारा होतो. तो शांत क्षण एकदा अनुभवाच.

हे सगळं करूनही दिंडी मिळाली नाही, किंवा तुमचं मन मोकळं चालण्याकडेच ओढत असेल, तर तेही होतं. वाटेवर दिंडीबाहेरचा मोकळा समाज पुष्कळ असतो. त्यांची रात्र मंदिराच्या सभामंडपात, शाळेत, ग्रामपंचायतीच्या इमारतीत, लोकांच्या ओट्यावर आणि पडवीत जाते. यात एकच सूत्र सांभाळा, जागा उजेडी शोधायची. पालखी तळावर संध्याकाळी येते आणि तिच्याबरोबर चालणारे तेव्हाच गावात शिरतात. तुम्ही पहाटे लवकर निघून रथाच्या पुढे चाला, दुपारी तीन-चारला मुक्कामाच्या गावात असा, जागा धरा, पिशवी ठेवा आणि मग पालखीच्या स्वागताला रस्त्यावर येऊन उभ्या राहा. दर्शनही निवांत होतं. दुसरी युक्ती मला वाल्ह्याच्या अलीकडे एका जुन्या वारकऱ्यानं शिकवली. तळाच्या गावात थांबूच नका, दोन-तीन किलोमीटर अलीकडच्या किंवा पलीकडच्या वाडीत थांबा. तळावर पाय ठेवायला जागा नसते तेव्हा वाडीतली घरं वारकऱ्याची वाट बघत असतात. आपल्याकडे कुणी आलं नाही म्हणून खट्टू झालेली घरं मी पाहिली आहेत.

आणि इथे तुमच्या लाजेवर येते.

तुम्ही म्हणता आजवर कुणाकडे काही मागितलेलं नाही. तुमच्यासारख्या बाईला हे जड जाणार हे मला कळतं, मलाही गेलं होतं. पण वारीच्या वाटेवरच्या घरांत त्या दिवशी काय चाललेलं असतं ते आतून बघा. सकाळपासून ओटा सारवलेला किंवा धुतलेला असतो. पिठाचा डबा काढून ठेवलेला असतो. घरातली आजी स्वतः चालू शकत नाही, म्हणून ती दारात खुर्ची टाकून बसलेली असते. तिची वारी तुमच्या पायांनी होते. तुम्ही दारात उभ्या राहिलात की ती तुमच्या पायाला हात लावायला वाकते. पहिल्यांदा झालं तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले होते, तशा तुम्हीही सरकाल. सरकू नका, तुम्हीही वाका. शब्द फार लागत नाहीत. "माउली, आम्ही दोघी आहोत, रात्रीपुरती पाठ टेकायला जागा होईल का?" एवढंच. घरातल्या बाईमाणसाला विचारा. नाही म्हणाली तर "रामकृष्ण हरी" म्हणून पुढच्या घरी. तिच्याकडेही पाहुणे असतील, आजारी माणूस असेल.

होय म्हणाली तर ओटा मिळाला, आता घर मिळालं असं धरू नका. आतल्या खोलीत आपणहून शिरू नका. पाणी जपून वापरा, वाटेवरच्या बऱ्याच गावांत आषाढ लागला तरी टँकरनंच पाणी येतं. जेवण वाढलं तर जेवा आणि ताट स्वतः घासा. पैसे पुढे करू नका, त्यांना लागतं. त्याऐवजी सकाळी निघताना ओटा झाडा, लेकराच्या हातावर खाऊ ठेवा, घरातल्या देवापुढे दोन अभंग म्हणा. तुम्ही शिक्षिका होता ना, मग पोरांची वही बघितली तरी त्या घराला वर्षभर पुरेल.

दोघी एकत्रच राहा. जागा कितीही चांगली असली तरी जिथे घरात बायका नाहीत तिथे थांबू नका आणि एकीला सोडून दुसरीनं पुढे जाऊ नका. रात्री कुठे आहात ते मुलाला रोज एका ओळीत कळवा: गाव, कुणाचं घर किंवा दिंडी, शेजारची ठळक खूण. तळांवर गर्दीमुळे फोन लागत नाही, तेव्हा संदेश दुपारीच पाठवा. त्याला खोलीची पावती नको आहे, आई कुठे आहे ते हवं आहे.

पंढरपूरचं वेगळं सांगते, कारण सगळ्यात कठीण रात्री तिथल्या आहेत. दशमीला सगळ्या पालख्या पोचतात आणि एकादशीला गाव भरून सांडतं. दिंडीत असाल तर दिंडीचा मठ, धर्मशाळा किंवा नदीपलीकडच्या '65 एकर' नावाच्या तळावरची जागा ठरलेली असते. मोकळ्या असाल तर दशमीची आणि एकादशीची रात्र बाहेर काढायची मनाची तयारी ठेवा. जमलं तर पंढरपूरच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामी, वाखरीतच, कुणा दिंडीवाल्यांशी बोलून ठेवा. त्या दोन दिवसांत मंदिरातल्या दर्शनाचा हट्ट धरू नका. कळसाचं दर्शन घ्या, चंद्रभागेत पाय बुडवा, नगरप्रदक्षिणा करा. द्वादशीचं पारणं सोडून लोक परतायला लागतात, एसटीच्या जादा गाड्या भरभरून जातात आणि गाव मोकळं व्हायला लागतं. मुलाची खोली मिळेल ती तेव्हा. पौर्णिमेपर्यंत राहा, गोपाळपूरचा काला बघा, आणि मग विठोबाच्या पायावर डोकं ठेवा.

इतकं सगळं एकदम झेपेलसं वाटत नसेल तर यंदा आळंदी ते सासवड चाला. त्यात पुण्याच्या दोन रात्री येतात, आणि पुणं त्या दोन दिवसांत वारकऱ्यांसाठी दारं उघडून बसतं. घाट चढलात, सासवडच्या तळावर एक रात्र काढलीत की पुढच्या वर्षीचं तुमचं तुम्हालाच कळेल. पण तुमच्या पत्राचा सूर ऐकता तुम्ही सासवडहून परत फिराल असं मला वाटत नाही.

पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. दिंड्यांच्या याद्या त्याच्या बऱ्याच आधी भरतात, राहुट्या किती लागतील हे वैशाखातच मोजलं जातं. येत्या एकादशीला संध्याकाळी मंदिरात जा, शेजारणीला बरोबर घ्या आणि भजन संपेपर्यंत थांबा. विणेकऱ्यांनी गळ्यातला विणा उतरवला की मग विचारा.